सद्हेतूने केलेला खोटा कॉल

चौदा वर्षं भायखळ्याच्या कंट्रोल रूममध्ये
मी फोन उचलते.
अग्निशमन दल, बोला. पत्ता सांगा. जवळची खूण?
आत कोणी अडकलंय का?
माणसं रडतात, शिव्या देतात,
पत्त्याऐवजी देवाचं नाव सांगतात.
माझा आवाज सपाट. त्याचाच पगार मिळतो.

मग मार्चमधली ती रात्र, चिराबाजारचा कॉल.
बाई म्हणाली, लवकर या,
आणि पुढे काहीच म्हणाली नाही.
नुसती लाईन चालू.
गाडी पाठवली, नोंद केली, वेळ लिहिली: दोन अठरा.
गाडी पोचली तेव्हा काय होतं
ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
ड्युटी संपल्यावर इडली खाल्ली. दोन प्लेट.

त्यानंतर
कुकरची शिट्टी झाली की हात गार पडतात.
दूधवाल्याने बेल दाबली की उजवा हात
नसलेल्या रिसीव्हरकडे जातो.
घोडपदेवच्या खोलीत, रोज रात्री दोन अठराला,
गजर न लावता उठते आणि गॅसचं बटण बघते.
बंद असतं. परत बघते.
ते बंदच असतं, मी चालू असते.

हेरंब म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस.
सासूबाईंनी मिरच्यांनी दृष्ट काढली,
धूर बघून मी जिन्यापर्यंत पळाले.
मोकलबाई म्हणाल्या, पॉझिटिव्ह राहा गं,
आणि डब्यातली बटाट्याची भाजी वाढली.
गुण आला तो भाजीचा.

नायरची ओपीडी, केसपेपर एकशे बारा.
डॉक्टर दमानिया माझ्याहून लहान,
डोळ्यांखाली माझ्याइतकंच काळं.
केसपेपरच्या मागे त्यांनी एक बदाम काढला.
हा मेंदूत असतो, म्हणाल्या, दोन्ही बाजूंना एकेक.
धोका वाटला की घंटा वाजवतो.
विचार करणारा भाग कपाळामागे, तो उशिरा पोचतो.
म्हणजे गाडी, मी म्हटलं.
म्हणजे गाडी. त्या हसल्या.
फार दिवस घंटा वाजली की बदाम हळवा होतो,
मग त्याला वाफसुद्धा धूर वाटते.

परीक्षा आली की आई भिजवलेले बदाम द्यायची,
डोकं चालावं म्हणून.
नेमकं काय वाढलं कोण जाणे.

रात्री अर्धी गोळी, आणि दर मंगळवारी बोलायला या.
पहिले तीन मंगळवार मी
त्यांच्या कुरकुरणाऱ्या पंख्याबद्दल बोलले.
चौथ्याला चिराबाजार.

आमच्या नोंदवहीत खोट्या कॉलला दोन रकाने आहेत.
एक खोडसाळ. त्याचा माग काढतात.
दुसरा सद्हेतूचा:
समोरच्या गच्चीवर पोरांनी शेकोटी केली,
कुण्या म्हातारीला आग दिसली,
थरथरत्या बोटांनी तिने आकडे फिरवले.
तिला रागवायचं नसतं.
गाडी जाते, बघते, परत येते.
पुन्हा वाटलं तर पुन्हा करा आजी,
असं सांगून ठेवायचं.

गेल्या गुरुवारी दोन अठराला घंटा झाली.
उठले. गॅसकडे गेले नाही.
खोटं कशाला, गेले. एकदाच.
मग मोरीच्या कट्ट्यावर बसून
हळू आवाजात, सपाट नाही, म्हटलं:
बोला. पत्ता सांगा.
घोडपदेव, दुसरा मजला, खोली सतरा.
जवळची खूण?
निळं पिंप. मुलाची सायकल. हेरंबचं घोरणं.
आग दिसते का?
नाही.
आत कोणी अडकलंय का?

बराच वेळ
नुसती लाईन चालू.
मी फोन ठेवला नाही.