वाटी सी-सात

पथारीवर मिरची वाळत होती,
म्हणून सगळे म्हणाले, मिरचीच गेली असेल डोळ्यात.
दूध घातलं. गुलाबपाणी घातलं.
नंदुरबारच्या त्या लाल मैदानात महिनाभर
हर्षाली, वय नऊ, मांडीत कुत्रीचं पिलू,
डावा डोळा जरासा लाल,
आणि कुणी विचारलं नाही
आग होते का.
होत नव्हती.
वर्गात सहज उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला तिने,
तर फळा गेला, बाई गेल्या,
अख्खी शाळा पुसली गेली.

माझ्याकडे ती आली दोन मिलिलिटर होऊन,
लाल बुचाच्या नळीत.
शहाण्णव वाट्यांची थाळी,
वाटीच्या तळाला कुत्र्याच्या जंताचा अंश, न दिसणारा.
त्यावर रक्तातलं पाणी सोडायचं नि थांबायचं.
ओळख असली तर धरून बसतं,
नसली तर धुताना वाहून जातं.
आधी निळं. मग आम्लाचा थेंब.
सी-सात पिवळी झाली, हळदीच्या पाण्यासारखी.

सुपडू निकुंभ, तिचा बाप, दाराशी:
"डोयामा काय शे भाऊ?"

सांगणारच होतो.
पण डी-सातमध्ये मी माझं रक्त घातलं होतं,
उगाच, वाटी उरली म्हणून.
तीही पिवळी.
शहाद्याच्या बोळात कुत्री व्यायली की
शिऱ्यासाठी दारोदार रवा मागितलाय आम्ही,
पिलं सदऱ्यात घालून हिंडलोय.
माझे दोन्ही डोळे धड आहेत.
रक्ताला भेट आठवते.
पाहुणा पुढे कोणत्या खोलीत शिरला
ते त्याला विचारू नये.

मग धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातलं पाणी काढलं.
अश्रू नव्हेत. आतलं.
एवढंसं. सांडलं तर दुसरं नाही.
अठरा वर्षं पिपेट धरतोय,
त्या दिवशी आधी पंखा बंद केला.

ती वाटी रक्ताच्या वाटीहून गडद निघाली.

रिपोर्टाखाली आमची छापील ओळ असते,
'डोळ्याच्या तपासणीशी ताडून पाहावे.'
पहिल्यांदाच मी ती वाचली.

जाताना हर्षालीने पट्टी नसलेल्या डोळ्याने
माझ्याकडे रोखून पाहिलं:
"पिलूले बी सुई शे का?"
गोळी शे, म्हटलं.
"मंग तेले पह्यले दे."