किटलीची मान

ताम्पेरेच्या जुन्या सूतगिरणीत,
जिथे चात्यांच्या जागी आता संगणक घुमतात,
चौथ्या मजल्यावर बसून मी एक किटली काढली.
एका रेघेत. पेन्सिल न उचलता.
बगळ्याची चोच, तुकतुकीत पोट,
आणि पाठीमागे बारीकसा कान.

तेव्हा आम्ही पाचजण होतो,
एकाच शाळेतून शिकलेले, एकाच मापाच्या हातांचे,
चष्म्याच्या काड्यासुद्धा सारख्या.
पाच मिनिटांत सगळ्यांनी माना डोलावल्या.
इतक्या लवकर होकार मिळाला
की खरं तर भीती वाटायला हवी होती.
मला कॉफी प्यावीशी वाटली.

मग सिर्का आली. वय एकाहत्तर.
ह्याच इमारतीत, ह्याच खिडकीशी
अठ्ठावीस वर्षं तिने तुटलेले धागे सांधले होते.
बोटं आता आल्याच्या कुड्यांसारखी.
तिने किटली उचललीच नाही,
नुसतं पाहिलं आणि म्हणाली,
"कान सुरेख आहे.
पण माझं बोट त्यात गेलं
तर डॉक्टरला बोलवावं लागेल."

उबाह आली,
जन्म मोगादिशूचा, शिव्या अस्सल ताम्पेरेच्या.
पिठाची चार किलोची पिशवी तिने कमरेवर घेतली,
"हे माझं पोर आहे, रडतंय, समज,"
आणि उरलेल्या एका हाताने झाकण उघडायला गेली.
झाकण घरंगळत कपाटाखाली.
मी म्हणालो, ही किटली आहे, पाळणाघर नाही.
तिने कोट उचलला.
दोन दिवस तिची खुर्ची रिकामी,
पिठाची पिशवी मात्र टेबलावर तशीच,
माझ्याकडे बघत.
तिसऱ्या दिवशी ती परत आली.
माझ्यासाठी नव्हे, पिशवीसाठी.

आणि यिर्की.
तो महिनाभर काही बोलला नाही,
म्हणजे हातांनीही नाही.
एकदा नमुना शेगडीवर ठेवला होता,
शिट्टी अशी वाजली की रौनोने कानांत बोटं घातली
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.
यिर्की पाठमोरा, पेन्सिलीला टोक काढत होता.
काढतच राहिला.
मग वळला. वाफेने घामेजलेली खिडकी पाहिली,
आमचे टाळ्यांत अडकलेले हात पाहिले.
दुभाषी मुलगी जरा अडखळली,
"तो विचारतोय, ही कुणाशी बोलते?"

चोच दिली होती, पोट दिलं होतं, कान दिला होता.
तिला कुणाशी बोलायचंय
हे पाचांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

पुढचे पाच महिने भांडणात गेले.
रौनो दर शुक्रवारी सांगायचा,
झाकणामागे ऐंशी सेंट जास्त पडताहेत.
सिर्काने मागावरच्या वजनाची गोष्ट सांगितली,
उबाहने आईच्या पातेल्यावर नाचणाऱ्या ताटलीची,
यिर्कीने ओल्या काचेवर बोटाने काहीतरी काढलं
आणि पुसून टाकलं.
ह्यातलं नेमकं काय कुणाचं
हे अजून ठरलेलं नाही.
पेटंटच्या अर्जावर नावांची रांग लागली,
तीसुद्धा भांडूनच.

माझी रेघ सात ठिकाणी मोडली.
बगळ्याचं बदक झालं.
बुडाशी बसकं, कान मुठीएवढा,
झाकण अंगठ्याने उघडणारं
आणि पाणी उकळलं की
हळूहळू मान डोलावणारं.
प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं नाही.
बक्षीस मिळालं एका बगळ्याला.
मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू.

ह्या नोव्हेंबरात बर्फावर घसरलो.
उजवं मनगट प्लास्टरमध्ये,
दुपारी साडेतीनलाच अंधार,
चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं.
डाव्या हाताने किटली भरली,
अंगठ्याने झाकण लावलं,
आणि मुठीएवढ्या कानात
माझी नवशिकी मूठ आपसूक बसली.

शेगडीपाशी उभा राहिलो.
घरात दुसरं कुणी नव्हतं.
थोड्या वेळाने अंधुक प्रकाशात
तिने मान डोलावली.

मीही डोलावली.
ह्या वेळी पाच मिनिटांहून जास्त लागली होती.