एकदिवसीय

निधी मार्चअखेर परत जाणार होता
म्हणून घेतलं हे चर्चासत्र. खोटं कशाला बोलू.
विषय मी सुचवला: भानुदास हेडाऊ यांच्या पटकथा.
घाटबांधे सर चष्मा पुसत म्हणाले,
"त्या पिक्चरवाल्याच्या? त्याचं वाङ्मय कुठाय, मॅडम?"
संहिता मिळत नाहीत, सर.
"मग बोलणार कशावर?"
लोकांना पाठ आहे, म्हटलं. त्यावर.
सही झाली. हेडाऊ गोळीबार चौकातला,
आणि सरांची सासुरवाडीही तिथलीच.

एकवीस जणांना पत्रं. नऊ होकार. निबंध सहा,
त्यातले दोन एकाच मार्गदर्शकाचे, त्याच त्या चुकांसकट.
बीजभाषक पुण्याहून यायचे होते;
आदल्या रात्री त्यांचा घसा बसला,
बहुधा नागपूरचं तापमान वाचून.
फ्लेक्सवर छापून आलं 'पाटकथा'.
शालिकरामनं जादा काना खडूनं झाकला.
फ्लेक्स पिवळा होता.
आता लांबूनही तो कानाच तेवढा दिसायचा.

तर्री-पोहे संपले तेव्हा सभागृहात सत्तेचाळीस डोकी,
तीस एम.ए. भाग एकची, हजेरीच्या धाकानं आलेली.
कूलर मोसमात पहिल्यांदाच लावलेला,
गेल्या वर्षीच्या वाळ्याचा कुबट वास.
लावला तर निबंध ऐकू येत नाही,
बंद केला तर निबंध सोसवत नाही.
बटणापाशी खुर्ची घेऊन मी बसले होते,
दिवसभराचं माझं संशोधन एवढंच.

जेवणानंतर डॉ. काळबांडे, अमरावती.
'आज्ञार्थ आणि पुरुषसत्ता', पानं एकोणीस.
गिरणी सुटलेला नायक गाव सोडताना
बायकोला म्हणतो: "दार उघडं ठेव."
या 'ठेव'वर त्यांनी तीन मजले चढवले.
चौथ्याची सळाख उभी राहत होती
तेवढ्यात साउंडवाल्यानं मिक्सरवरून मान वर केली.

"तसं नाही ना सर ते.
'दार उघडं राहू दे' म्हणते."
कोण म्हणते?
आमच्याकडं तोही म्हणते, तीही म्हणते,
म्हणून त्यानं नीट सांगितलं:
"बाई म्हणते ना. तो दार लोटून घ्यायला जाते,
तवा."

काळबांड्यांनी पान सात काढलं, मग पान चार.
एक मुलगी हसली आणि खोकल्यासारखं केलं.
पडताळून पाहायला कुणाकडे काही नव्हतं.
मग पहिल्या रांगेतून, मागं न वळता,
घाटबांधे सर म्हणाले,
"बरोबर आहे त्याचं. बाईच म्हणते.
आणि मग कडीचा आवाज येतो."
मी कूलर लावला.

साडेपाचला सभागृहात मी, रिकाम्या बाटल्या,
आणि कोपरावर वायर गुंडाळणारा तो.
नाव गुणवंत बावणे. प्रमाणपत्रावर लिहायला विचारलं.
छापील मजकूर: 'यांनी निबंध सादर केला'.
खोडायला जागा ठेवली नव्हती मी,
तसंच दिलं.

कितीदा पाहिला हो पिक्चर?
"पाहिला कुठं. टॉकीजच्या मागल्या भितीला
आमचं घर लागून. तीनचा, सहाचा, नऊचा.
जेवता जेवता ऐकू ये. तिकिटाला पैसे कोण देते?
नऊच्या शोत त्या बाईपर्यंत झोप लागून जाये,
पण सहाच्यात पुरी ऐकू ये."
वायरचा पीळ सोडवत थांबला जरा.
"दिसाले कशी होती, मॅडम, ती?
दारात उभी राहते तवा?"

मी एकदाच पाहिलेला, कॉलेजात असताना.
चेहरा आठवेना. पातळ आठवलं.
निळं, म्हटलं. निळं होतं बहुतेक.
"अच्छा," तो म्हणाला. "मले हिरवं वाटे."
आणि माईक फडक्यात गुंडाळून
पेटीत ठेवला.