ळ

तहसीलच्या लिलावात टाइपरायटर घेतला
तेव्हाच त्याचा ळ तुटलेला होता.
साकोलीच्या मिस्त्रीनं उलटा करून पाहिला, म्हणाला,
एका अक्षरापायी नागपूरले कोन जाते?
म्हणून आमदार उरकुडाजी हातझाडे यांच्या
पस्तीस वर्षांच्या पत्रांत
ळ माझ्या हातचा आहे, निळ्या शाईचा.
मोकळी जागा सोडायची, मागून पेनानं भरायची.

त्यांना त्याचं काही नव्हतं.
आमच्या झाडीत ळ तसाही टिकत नाही,
ओठाशी येईस्तोवर र होतो.
तळ्याला तरा म्हणणारा माणूस
सात वेळा निवडून गेला,
एकदाच पडला,
आणि पडल्याच्या दुसऱ्या दिवशीही
सकाळी आठला माझ्या पायरीवर:
"मैनाबाई, कागद लाव."

पहिल्याच अधिवेशनात म्हणे उभे राहून विचारलं,
तऱ्याची पार फुटली, बांधनार कोन?
सभागृह हसलं.
छापील कामकाजात तळ्याची पाळ झाली.
पुढच्या अधिवेशनात ते पुन्हा पारच म्हणाले,
त्याच्या पुढच्याही.
चौथ्या वर्षी मंत्र्याच्या उत्तरात
पार आली.
त्या उन्हाळ्यात आमच्या तलावाला नवं तुडूम बसलं,
रोवणीला पाणी शेवटच्या बांधीपर्यंत गेलं.

रामटेके मास्तरांच्या पेन्शनसाठी अकरा पत्रं.
बारावं मास्तरांच्या बायकोच्या नावानं.
पुतण्याला मुरुमाचा ठेका मिळाला,
तेही पत्र माझंच.
त्यात एकही ळ आला नाही,
पेन उचलावा लागला नाही.

मग ती रात्र.
दिवे गेलेले, कंदिलाशी ते सांगत होते
आणि मी बडवत होते.
धरणावर बोलायचं होतं सकाळी, नागपुरात.
दोन पानं. गोंदोळी हे नाव एकोणीस वेळा.
एकोणीस जागा सोडल्या,
पहाटे एकेक भरली.
घडी करून त्यांनी ती खिशात घातली
आणि जीप सुरू व्हायला फार वेळ लागला.

कामकाजाच्या पुस्तकात त्या दिवसाखाली
त्यांचं नाव हजेरीत आहे.
पुढे काही नाही.

का, ते मी विचारलं नाही.
पक्षानं सांगितलं असेल. भ्याले असतील.
हजार एकर धान भिजणार होतं खालच्या अंगाला
आणि ते मतदारसंघातच येत होतं.
आठवड्यानं आठला आले.
पायरीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले नाहीत.
"कागद लाव," म्हणाले.
आणि मग गोंदोळीच्या माणसांसाठी
दोनशे तीन पत्रं: प्लॉट, पट्टा,
बोअर, मसणवटीची जागा.
काहींना उत्तरं आली.

ते गेले तेव्हा हिवाळी अधिवेशन चालू होतं.
दोन मिनिटं सगळे उभे राहिले.
शोकप्रस्तावात हातझाडेचं हातझोडे झालं.
पुतण्यानं चौकात फ्लेक्स लावला,
त्यावर धरणाचा फोटो.

परवा नातू आला, पुण्याहून.
आजोबांवर स्मरणिका काढतो म्हणाला,
जुनं काही असेल तर.
मी ट्रंक उघडली.
पेनाची शाई वरच्या प्रतीलाच लागते,
कार्बनला नाही.
त्यानं नेमकी तीच दोन पानं उचलली,
कंदिलाच्या रात्रीची.
वाचत गेला,
अडखळला,
मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.
पुढे तशीच दुसरी. तिसरी.
"मावशी, इथं काय होतं?"

गोंदोरी, मी म्हटलं.

त्यानं ऐकलं तसंच लिहून घेतलं.