निळ्या दिव्याखाली

जर्मेन्जिकच्या गोदामात एक खोली आहे, आतून काळी रंगवलेली.
खिडकी नाही. दाराला जाड पडदा, त्याच्यामागे दुसरा.
आत आम्ही अकरा बायका
पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना,
डोक्यावर निळे-जांभळे दिवे.
अंजिरं येतात.
येतच राहतात.

चांगलं अंजीर या खोलीत जवळजवळ दिसत नाही.
दिसतं ते बाधलेलं,
बुरशीचं,
काजव्यासारखं हिरवट-पिवळं.
इतकं देखणं, की पहिल्या दिवशी ते उचललं
आणि बादलीत टाकायला हात धजेना.
हाजेर म्हणाली, "काळीज नाही, यकृत खातं ते. टाक."
तेव्हापासून सतरा हंगाम
मी देखणं तेवढं वेचून फेकते आहे.

इथे आणखीही काय काय उजळतं:
आमचे दात, नखं,
फळाला चिकटलेला कुणाच्या तरी ओढणीचा दोरा,
गोणपाटावर उंदीर मुतला त्याचा डाग,
बाहेर आणलं तर धड पोतं.

सुंबुल कामाला आली ती पांढरा रुमाल बांधून,
आदल्या रात्री मुद्दाम धुतलेला.
दिवे लागले आणि तिचं डोकं चंद्र झालं.
आम्ही सगळ्या बघत राहिलो,
तेवढ्यात पट्ट्यावरून काय काय निसटलं
ते आता हॅम्बुर्गला विचारावं.
फिक्रेत ओरडला. पोरगी रडली. म्हणाली,
"पण मी दोनदा धुतला होता!"
म्हणूनच तर, बाई.
या उजेडाला विष आणि साबण
यांतला फरक कळत नाही.
हल्ली ती मातकट रुमाल बांधते.

एक गोष्ट मात्र या दिव्यातही चमकत नाही.
जून लागला की बाप
नर-अंजिरांच्या माळा फांद्यांना टांगायचा.
त्यांतून चिलटाएवढी माशी निघते,
दुसऱ्या फळाच्या बारीक तोंडातून आत घुसते,
पंख दारातच मोडून पडतात.
आत फिरते, मरते,
आणि फळ तिला पचवून गोड होतं.
उंबरात केंबरं, तशी अंजिरात ही.
पाकिटावर तिचं नाव नसतं.
बाप म्हणायचा, फोडून बघत बसू नये, खावं.
आणि स्वतः प्रत्येक अंजीर
फोडून, उन्हाकडे धरून, मगच खायचा.

संध्याकाळी बादल्यांचं वजन होतं, वहीत सही होते,
ट्रक भरतो.
जाळायला नेतात, असं फिक्रेत सांगतो.
भट्टी मेंदेरेसच्या अंगाला आहे.
मी गच्चीवरून कपडे काढताना पाहिलं,
ट्रक उलट्या बाजूला वळला.
एकदाच पाहिलं.
एकदा पाहिलेल्याची नोंद कुठल्या वहीत करतात
ते मला ठाऊक नाही.

मग त्या मंगळवारी नातू, तुना,
कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटं घेऊन आला,
मधे अंजिराचा गर.
गर म्हणजे वाटलेलं, गाळलेलं,
कुणाचं काय ते ओळखू न येणारं.
त्याच्या हातातून काढून घेतलं. तो चिडला.
दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
ते पाकीट झग्यातून लपवून काळ्या खोलीत नेलं,
एकटीनं दिवा लावला.

पाकीटच असं लखलखलं,
कागदाची ती पांढरी कड, त्यावरची ती हसरी अक्षरं,
की डोळे दिपले
आणि आतलं काही दिसेना.

फाडायचं होतं.
पण बाहेर फिक्रेतची चप्पल वाजली.

रात्री ओट्यावर ठेवलं ते सकाळी मुंग्यांनी भरलं होतं.
दिवसभर रांग चालू होती.
एकही मेलेली दिसली नाही,
तुनानं मला दोनदा दाखवलं,
"बघ, आजी, त्यांना काही झालं नाही."
मी ओटा पुसला.
मुंगीला यकृत असतं का
हे कुणाला विचारायचं?