उतार

अश्मंत नावाची भट्टी डिसेंबरात
पांडवलेण्यांच्या डोंगरावर जेमतेम वर येते.
तिच्यातली खुजी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.
मलाही नाही. मला दिसतात आकडे,
पंचवटीतल्या भाड्याच्या खोलीत, पंखा बंद करून,
कारण लॅपटॉपचाच पुरेसा ओरडतो.

पाच तारकागुच्छ आहेत तिच्यात. सहावा वादातला.
गणित म्हणतं, हे केव्हाच बुडायला हवे होते.
कृष्णद्रव्यातून जड काही चाललं
की त्याच्या पाठीमागे अंधार दाटतो,
ती दाटी त्याला मागे ओढते,
ते मंदावतं, आत आत घसरतं.
हजार कोटी वर्षं काही थोडी नाहीत.
तरी हे अजून बाहेरच,
पंगतीला कुणी हाक न मारलेल्या पाहुण्यांसारखे.

पहाटे डोकं उतरवायला घाटावर आले.
दुतोंड्या मारुतीच्या पायाशी मल्हारी, वय तेरा,
फुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून फेकत होता.
एका फेकीत दोन रुपये, एक खिळा,
कुणाच्या तरी कुलपाची अर्धी कडी.

"मधोमध का नाही टाकत? तिथं ढीग असेल की."
"न्हाई ताई. नाण्याला घसराया उतार लागतो.
कडेनं उतरतं, सपाटी लागली की थबकतं.
मधी जातंच कुठं?"

उतार लागतो.
मी दोन वर्षं तळ नरसाळ्यासारखा धरून चालले होते,
सगळं घरंगळून एका टोकाला जमणारा.
कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.
मला मिळालेल्या सूत्रात तो तसा होता, इतकंच.
परातीसारखा असला तर?
असेलच असं नाही.
एक ओळ बदलून पुन्हा चालवायला हवं,
सहा दिवस लागतील, वीज गेली नाही तर.

"आणि तांब्याची जुनी नाणी?"
"ती चुंबकाला वळखत न्हाईत.
पायानं हुडकायची."

दोरी माझ्या हातात देऊन
तो कमरेपर्यंत पाण्यात गेला, डोळे मिटून,
पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसा.
गोदावरी गढूळ. वर काहीच दिसत नव्हतं.
फक्त त्याचा डावा खांदा
किंचित
एका बाजूला कलला.