घोरबंदर

रिक्षावाल्याला मी म्हटलं, घोडबंदर, नवीन जेट्टी.
बाबा म्हणाले, घोरबंदर.
याच एका अक्षरावरून
शाळेत बाईंनी मला तासभर उभं केलं होतं.
ड म्हण. डबक्यातला ड.
आमच्याकडे घोडा म्हणजे घोरा, वडा म्हणजे वरा,
आणि बंदर हे असं, जिवाला लागलेलं.

किल्ल्याखाली आता फरसबंदी आहे,
पिवळे दिवे, वासाच्या मेणबत्त्या,
शिंपल्यांची चौकट लावलेला आरसा साडेसातशेला.
फायबरचा घोडा पुढचे पाय उचलून उभा,
त्याच्या पोटाखाली फोटोसाठी पोरांची रांग.
पाटीवर लिहिलंय : येथे अरबस्तानातून घोडे उतरत.
बाबांनी पाटी दोनदा वाचली.
"उतरत म्हंजे कसं?
ओहोटीला इथं कमरेएवरा चिखोल.
कुनीतरी पान्यात जाऊन धरला असंल ना त्याला."
त्या कुणाचं पाटीवर काही नव्हतं.

हॉटेलात मी त्यांच्या डाव्या हाताला बसले.
उजवा कान रेतीबंदीच्या आधीच गेला.
बांबूला धरून खाली, वीस हात,
एका दमात एक बालदी,
होडी भरायला दोनशे दम.
रात्री आई कानात कोमट तेल सोडायची.
सकाळी उशीवर तांबूस डाग असायचा,
आम्ही तोही तेलाचाच म्हणायचो.

वेटर पोरगा कुठल्याशा डोंगरातला,
छातीवरच्या बिल्ल्यावर नाव, पेमा.
पाणी कसलं आणू, त्यानं विचारलं,
साधं की बुडबुड्यांचं?
मी डाव्या कानात सांगितलं.
"बुरबुरे नको," बाबा म्हणाले,
जरा मोठ्यानंच.
शेजारच्या टेबलावरचे काटे थांबले.

होडीत एक जण बुडबुडे बघत बसायचा.
ते थांबले की दोर ओढायचा, एवढंच त्याचं काम.
हाश्याकाकाच्या वेळी वारा होता,
विडी पेटवताना काडी दोनदा विझली.
होडीत कोण होतं
हे आमच्या घरात कुणी विचारत नाही.

मग कोळंबी आली. सहा नग, लिंबाची फोड,
काळ्या दगडी पाटीवर, जशी काही
शाळेत चाललेली.
बाबांनी एक खाल्ली, चार मला सरकवल्या,
एक पेमाला विचारली. तो लाजून हसला.

त्यांचं लक्ष खांबाकडे होतं.
रंग फुगलेला, खपली सुटलेली,
आतून पांढरा लोणा.
त्यांनी नखानं खरवडलं, बोट जिभेला लावलं.
मी म्हटलं, बाबा, लोक बघतायत.
"खारी हाय," ते म्हणाले. "खारीतली."
थांबून : "धुतली नाय मेल्यांनी."
आणि पलीकडच्या काठावरचे तीस-तीस मजले
एक डोळा मिटून बघत राहिले,
गवंडी ओळंब्याला बघतो तसे.

बिल मी दिलं. किती झालं त्यांनी विचारलं,
मी निम्मं सांगितलं,
त्यांनी निम्म्यावरही मान हलवली.

बाहेर भरती लागली होती.
घोड्याखालची रांग संपली होती, दिवे मात्र चालूच.
भावाचा फोन आला, कुठं आहात?
घोरबंदरला, मी म्हटलं,
आणि जीभ मागे घेतली नाही.

रिक्षात बाबांनी मान उजवीकडे कलंडली,
तळहातानं डोक्यावर दोनदा थापटलं,
कानातलं पाणी काढतात तसं.
बावीस वर्षं ते पाण्यात उतरलेले नाहीत.
मी खांद्यावरची ओढणी जरा पुढे केली,
पडलंच तर.